पोट, पाठ आणि टाका : ‘टमी टक’ने शरीराचा गाभा बळकट होतो का? एका प्रश्नाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/ ‘टमी टक’ या शस्त्रक्रियेने पोट सपाट होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिने पोट बळकटही होते का? हा प्रश्न केवळ दवाखान्यातला नाही. ऑस्ट्रेलियात बाळंतपणानंतरच्या या शस्त्रक्रियेसाठी मिळणारे सरकारी विम्याचे साहाय्य २०१६ मध्ये थांबले आणि २०२२ मध्ये काही अटींसह परत आले. मधल्या सहा वर्षांत स्त्रियांची शरीरे बदलली नव्हती. बदलली ती या शस्त्रक्रियेकडे पाहण्याची रीत. ती रीत आधीच्या शतकातही अनेकदा बदलली आहे. आजचा धागा त्या बदलांचा आहे. मोठा आहे, सवडीने वाचा.

२/ आधी शब्द. ‘टक’ आपल्याला शिंप्याकडून परिचित आहे: ब्लाउज अंगाबरोबर बसावा म्हणून कापडाला जे ‘टक्स’ घालतात, तेच हे. वैद्यकातले नाव अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी. या एका नावाखाली तीन वेगळी कामे येतात. पहिले, सैल झालेली त्वचा व तिच्याखालची चरबी कापून काढणे. दुसरे, उरलेली त्वचा खाली ओढून घेतल्यावर बेंबी योग्य जागी बसवणे. तिसरे, एकमेकांपासून दुरावलेले पोटाचे स्नायू टाके घालून जवळ आणणे. ही तीन कामे मनात वेगवेगळी ठेवा. पुढचा बहुतेक गोंधळ ती एकत्र केल्यामुळे झालेला आहे.

३/ थोडे शरीरशास्त्र. छातीच्या फासळ्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू समांतर जातात. त्यांच्या मध्ये तंतुमय ऊतीची एक पांढरी उभी पट्टी असते. तिला लॅटिनमध्ये ‘लिनिया आल्बा’, म्हणजे शुभ्र रेषा म्हणतात. कुशीकडचे तिरपे व आडवे स्नायू आपल्या पसरट स्नायुबंधांनी याच रेषेवर येऊन मिळतात. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे पाठीच्या कण्यालगतचे स्नायू. हे सगळे मिळून एक चहूबाजूंनी बंद असे पात्र तयार होते. आज जिला आपण ‘कोअर’ म्हणतो, ती या पात्राच्या भिंतींची एकत्रित ताकद होय.

४/ गर्भारपणात वाढत्या गर्भाला जागा देण्यासाठी ही शुभ्र रेषा ताणली जाते, रुंदावते आणि दोन्ही उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात. यात विकृती काही नाही, शरीराने केलेली ती सोय आहे. प्रसूतीनंतर बहुसंख्य स्त्रियांमध्ये हे अंतर हळूहळू कमी होते. काहींमध्ये मात्र ते टिकून राहते. अशा टिकलेल्या दुराव्याला वैद्यकात ‘डायस्टॅसिस’ म्हणतात. येथे एक भेद महत्त्वाचा आहे. हर्नियात पोटाच्या भिंतीला छिद्र पडते आणि आतले अवयव त्यातून बाहेर डोकावतात. डायस्टॅसिसमध्ये भिंत अखंड असते, पण सैल पडलेली असते. हा भेद पुढे पैशांच्या हिशेबातही येणार आहे.

५/ सैल पडलेल्या पोटाला आधार हवा, हे ज्ञान शस्त्रक्रियेहून फार जुने आहे. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट लुगड्याच्या लांब पट्टीने बांधण्याची रीत घरोघरी होती; शेक-शेगडीइतकीच ती बाळंतपणाचा भाग होती. मराठीत कष्टाच्या कामाला सज्ज होणे म्हणजे ‘कंबर कसणे’. भाषेने पोटाभोवतीचा आधार आणि अंगातली ताकद यांची सांगड फार पूर्वीच घातलेली दिसते. बाहेरून बांधलेला पट्टा सुटला की आधारही सुटतो, ही त्या उपायाची मर्यादा. तोच आधार आतून, कायमचा शिवून टाकता येईल, ही कल्पना यायला भूल आणि जंतुरोधन या दोन गोष्टींची वाट पाहावी लागली.

६/ त्याआधी पुण्याचा एक मुक्काम. टिपू सुलतानाविरुद्ध १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान कैद झाला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्यात एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाच्या त्वचेतून नवे नाक घडवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचे वर्णन आले आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये ती पद्धत वापरली. नवे नाक अवयवाची भरपाई होती की अब्रूची? दोन्हींची. उपयोग आणि रूप यांची सीमारेषा या शास्त्रात पहिल्यापासूनच पुसट आहे. पोटाच्या बाबतीत ती अधिकच पुसट झाली.

७/ आता मूळ कथेकडे. इथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक १८४६ चे, लिस्टर यांचे जंतुरोधनावरील लेखन १८६७ चे. या दोन्हींमुळे पोटावर मोठा छेद घेऊनही रोगी जगू शकेल, असा विश्वास शल्यविशारदांना आला. १८९० मध्ये फ्रान्समध्ये डेमार्स आणि मार्क्स यांनी पोटावरची त्वचा व चरबी काढल्याची नोंद केली. त्यानंतर १८९९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील हॉवर्ड केली यांनी एका अतिस्थूल स्त्रीच्या पोटावरून आडव्या छेदाने सुमारे सात किलो वजनाचा चरबीचा थर काढला. या विषयाचा इतिहास लिहिणारे बहुधा येथूनच सुरुवात करतात.

८/ केली हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते, सौंदर्यशल्यक नव्हे. जॉन्स हॉपकिन्सच्या ज्या चार संस्थापक प्राध्यापकांची ख्याती आहे, त्यांपैकी ते एक. त्यांच्यासमोरचा प्रश्न भाराचा होता: लोंबणारा थर चालताना अडतो, त्याच्या घडीखाली त्वचा चिघळते. बांधा सुडौल करणे हा हेतू नव्हता, स्नायू बळकट करणे हाही नव्हता. पण आणखी एक तपशील लक्षात ठेवा. हसता-खोकताना लघवी सुटण्याच्या त्रासावर मूत्रमार्गाखालची सैल ऊती चुणी घालून शिवण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिलाही याच केलींचे नाव आहे. सैल पडलेली भिंत चुणी घालून आवळावी, हा विचार त्या काळच्या शस्त्रक्रियागृहांत रुजू लागला होता.

९/ विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका येथे छेदाचे अनेक आकार वापरून पाहिले गेले: आडवा, उभा, पानाच्या आकाराचा. अनेकदा मूळ काम हर्निया दुरुस्तीचे असे आणि जादा त्वचा जाता जाता काढली जाई. सुरुवातीला बेंबीही त्वचेबरोबर जात असे. ती वाचवण्याचे प्रयत्न १९०५ च्या सुमारास फ्रान्समध्ये झाले. शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी १९२० च्या दशकात बेंबी जपणाऱ्या पद्धतीचे वर्णन केले आणि १९४२ मध्ये स्तन व उदरभित्ती यांच्या पुनर्रचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बेंबीला शारीरिक कार्य नाही. तिच्यासाठी एवढा खटाटोप होऊ लागला, याचा अर्थ रूपाचा विचार शस्त्रक्रियागृहात स्थिरावला होता.

१०/ त्याच दशकांत पोटाच्या ताकदीचा विचार वेगळ्याच लोकांच्या हाती होता. जर्मनीत १८८३ मध्ये जन्मलेले जोसेफ पिलाटेस पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या स्थानबद्धता छावणीत होते. १९२० च्या दशकात ते न्यूयॉर्कला गेले आणि आपल्या व्यायामपद्धतीला त्यांनी ‘कंट्रोलॉजी’ असे नाव दिले. शरीराच्या मध्यभागावर ताबा मिळवणे हा या पद्धतीचा कणा होता. नर्तक तिच्याकडे आकृष्ट झाले. शस्त्रवैद्यांच्या परिषदा आणि या व्यायामशाळा यांचा परस्परांशी फारसा संवाद नव्हता. एकीकडे पोट म्हणजे कापायची वस्तू, दुसरीकडे पोट म्हणजे घडवायची वस्तू.

११/ आणि तिसरीकडे, साताऱ्याजवळचे औंध. संस्थानाचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, त्यावर १९२८ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले आणि संस्थानातील शाळांत नमस्कार रूढ केले. १९३८ मध्ये लुईज मॉर्गन या पत्रकर्तीने संपादित केलेली त्या पुस्तकाची आवृत्ती विलायतेत निघाली. नमस्काराच्या प्रत्येक फेरीत पोट आळीपाळीने ताणले आणि दुमडले जाते. शस्त्र न लावता पोट आणि पाठ एकत्र बळकट करण्याचा आग्रह मराठी मुलखातूनही त्याच काळात जगासमोर गेला होता, ही नोंद या इतिहासात असायला हवी.

१२/ दुसऱ्या महायुद्धानंतर सौंदर्याची बाजू वेगाने पुढे आली. जुलै १९४६ मध्ये पॅरिसमध्ये ‘बिकिनी’ अवतरली. पोट उघडे राहणार म्हटल्यावर त्यावरचा व्रणही दिसणार. तेव्हा छेद कोठे घ्यावा, या तांत्रिक प्रश्नाला कपड्यांच्या फॅशनने उत्तर दिले: इतका खाली की वस्त्राखाली झाकला जाईल. १९५७ मध्ये व्हर्नन यांनी आडवा छेद घेऊन बेंबी नव्या जागी आणण्याची पद्धत मांडली. ती आजही ओळखू येईल अशी आहे. वैद्यकाचा इतिहास प्रयोगशाळेतच घडतो असे मानणाऱ्यांनी हा अध्याय आवर्जून वाचावा.

१३/ या टप्प्याचे सर्वांत ठळक नाव म्हणजे ब्राझीलचे इवो पितांगी. १९६१ मध्ये नितेरॉय शहरात सर्कशीच्या तंबूला भीषण आग लागली, शेकडो माणसे दगावली. होरपळलेल्यांच्या उपचारांत पितांगी पुढे होते. धनिकांच्या सौंदर्यशस्त्रक्रियांसाठी ते विख्यात झाले, पण रिओच्या धर्मादाय रुग्णालयातील कक्षात त्यांनी गरिबांवरही शस्त्रक्रिया केल्या. १९६७ मध्ये त्यांनी पोटाच्या सलग ३०० शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात खालचा, झाकला जाणारा छेद होता. आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, उभ्या स्नायूंवरचे आवरण न उघडता त्याला चुणी घालून ते मध्यरेषेवर जवळ आणणेही होते.

१४/ ही चुणी ‘टमी टक’च्या प्रमाण पद्धतीचा भाग झाली, पण तिचे मुख्य प्रयोजन आकाराचे राहिले: कंबर बारीक दिसावी, पोट पुढे येऊ नये. शस्त्रक्रियेचे मूल्यमापनही छायाचित्रांनी होई, आधीचे व नंतरचे. त्याच वेळी जोखीम मोजण्याचे प्रयत्न झाले. १९७७ मध्ये ग्रेझर आणि गोल्डविन यांनी अमेरिकेतील शल्यकांकडून दहा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची माहिती गोळा केली. पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे, त्या फुप्फुसात जाणे आणि मृत्यू, हे सारे त्या पाहणीत होते. रूपासाठीची म्हणून ही शस्त्रक्रिया किरकोळ ठरत नाही, हे त्या कागदपत्रांनी स्पष्ट केले. पोटाची ताकद मात्र कोणी मोजत नव्हते.

१५/ ताकद मोजायची तर आधी ‘पोटाची ताकद’ म्हणजे काय ते ठरायला हवे. तो विचार पाठदुखीच्या अभ्यासातून आला. १९५७ मध्ये बार्टेलिंक यांनी मांडले की वजन उचलताना पोटातला दाब वाढतो आणि मणक्यांमधील चकत्यांवरचा भार हलका होण्यास त्याचे साहाय्य होते. १९९२ मध्ये येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी यांनी कण्याच्या स्थैर्याची त्रिविध मांडणी केली: हाडे व बंध, स्नायू, आणि त्यांना आज्ञा देणारी मज्जासंस्था. तिन्हींपैकी एक कमकुवत झाले तर इतर दोन भरपाई करू पाहतात. पोटाचे स्नायू आता केवळ पोटाचे राहिले नाहीत. ते पाठीच्या आधारव्यवस्थेचे घटक झाले.

१६/ १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाचे हॉजेस आणि रिचर्ड्सन यांनी एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणूस हात झटकन वर उचलतो तेव्हा पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू हात हलण्याच्या आधीच आवळला जातो; पाठदुखीच्या रुग्णांमध्ये त्याला उशीर होतो. प्रयोग मोजक्या लोकांवरचा होता, पण त्याचा प्रभाव प्रचंड पडला. ‘कोअर’ हा शब्द व्यायामशाळा, मासिके, जाहिराती यांत शिरला. २०१० मध्ये इयाल लेडरमन यांनी ‘कोअर’च्या या संपूर्ण मांडणीलाच मिथक ठरवणारा लेख लिहिला. पण तोवर शब्द लोकांचा झाला होता आणि शस्त्रवैद्यांच्या हातीही पोचला होता.

१७/ शस्त्रवैद्यांकडून या दिशेने पहिले लक्षणीय विधान १९९० च्या आसपासचे. अमेरिकेतील शल्यक टोरँटो यांनी पोट सैल पडलेल्या आणि जुनी पाठदुखी असलेल्या रुग्णांच्या उभ्या स्नायूंची रुंद चुणी घातली आणि बहुतेकांची पाठदुखी कमी झाल्याचे नोंदवले. त्यामागील तर्क आकर्षक आहे. आडव्या व तिरप्या स्नायूंचे टोक शुभ्र रेषेवर बांधलेले असते. ती रेषा ढिली असेल तर स्नायूने कितीही ओढले तरी निम्मा जोर ढिलाई संपवण्यातच जातो. जुन्या खाटेची सुंभाची दोरी आठवा: दोरी मजबूत असते, पण सैल पडल्याने खाट झोळ खाते. ती ताणून बांधली की त्याच दोरीवर तेवढेच वजन नीट पेलते.

१८/ तर्क आकर्षक आहे म्हणून पुरावा बळकट ठरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने बखर हाती घेताना जे प्रश्न विचारायचे, तेच येथेही लागू पडतात. साक्षीदार कोण? स्वतः शस्त्रक्रिया करणारा. नोंद किती जणांची? मोजक्यांची. तुलना कोणाशी? कोणाशीच नाही. मोजले काय? रुग्णाने सांगितलेली वेदना, स्नायूंचा जोर नव्हे. वेदना कमी होणे आणि ताकद वाढणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून असे साधन टाकाऊ ठरत नाही. बखरही टाकाऊ नसते. फक्त तिच्यावर किती भार टाकायचा याचा अंदाज हवा.

१९/ एक उलटी साक्षही उपलब्ध होती. १९८२ मध्ये अटलांटाचे कार्ल हार्ट्रॅम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगात गमावलेल्या स्तनाची पुनर्रचना पोटाची त्वचा, चरबी आणि उभा स्नायू वर नेऊन करण्याची पद्धत मांडली. म्हणजे येथे पोट बाहेरून ‘टमी टक’सारखेच सपाट होई, पण आतला स्नायू खर्ची पडे. पुष्कळ रुग्ण नित्याची कामे करत राहिले. मात्र उताणे झोपून हातांचा आधार न घेता उठणे अनेकींना अवघड गेले, काहींच्या पोटाची भिंत फुगली. म्हणूनच १९९० च्या दशकात स्नायू जागेवर ठेवून केवळ त्वचा, चरबी व रक्तवाहिन्या घेण्याची पद्धत आली. धडा स्वच्छ आहे: सपाट पोट आणि बळकट पोट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

२०/ २०१६ या एकाच वर्षात दोन महत्त्वाचे अभ्यास आले. पहिला नॉर्वेचा. पहिलटकरीण असलेल्या ३०० स्त्रियांचा गर्भारपणापासून प्रसूतीनंतर वर्षभर मागोवा घेण्यात आला. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी सुमारे ६० टक्के स्त्रियांत, सहा महिन्यांनी ४५ टक्क्यांत आणि वर्षाने सुमारे ३३ टक्क्यांत डायस्टॅसिस आढळले. आणि कंबर-ओटीच्या वेदनांचे प्रमाण? दुरावा असलेल्या व नसलेल्या स्त्रियांत वर्षअखेर फरक दिसला नाही. म्हणजे पोटात दुरावा आहे म्हणून पाठ दुखते, हे समीकरण सरसकट मांडता येत नाही. यातला बहुतेक दुरावा सौम्य होता, हेही ध्यानात ठेवावे.

२१/ दुसरा स्वीडनचा, आणि आपल्या प्रश्नाला थेट भिडणारा. रुंद दुरावा आणि प्रत्यक्ष त्रास असलेल्या रुग्णांपैकी काहींची दुरुस्ती जाळी बसवून केली, काहींची दुहेरी टाक्यांनी. या दोन पद्धतींत निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने झाली. तुलनेसाठी तीन महिने व्यायाम करणारा गटही होता. पोटाच्या स्नायूंचा जोर यंत्रावर मोजला. वर्षाने शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत वेदना कमी झाल्या आणि जोर वाढला. जाळी की टाके, याने फरक पडला नाही. आणि यंत्रावरचा जोर व्यायामाच्या गटातही वाढला! दोन्ही बाजूंच्या प्रचारकांना यातले अर्धेच वाक्य सांगायला आवडते.

२२/ तिसरा अभ्यास ऑस्ट्रेलियाचा, २०१८ चा. नऊ शल्यकांनी शस्त्रक्रिया केलेल्या २१४ स्त्रियांना आधी आणि नंतर प्रश्नावल्या दिल्या गेल्या. सहा महिन्यांनी पाठदुखी आणि लघवी सुटणे, दोन्हींत मोठी सुधारणा नोंदली गेली. १८९९ च्या केलींच्या दोन वेगळ्या कामांची येथे अनपेक्षित गाठ पडते. या अभ्यासालाही तुलनेचा गट नव्हता, आणि प्रश्नावलीत ताकद मोजली जात नाही. पण एक गोष्ट त्याने ठळक केली: ज्यांना ‘केवळ दिसण्यासाठी आलेल्या’ समजले जाते, त्यांच्यातील अनेक जणी दुखणे आणि संकोचाचा त्रास घेऊन आलेल्या असतात. तो त्रास पूर्वी कोणी विचारलाच नव्हता, म्हणून कागदावर नव्हता.

२३/ आता सुरुवातीचा प्रसंग. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०१६ पासून ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याने प्रसूतीनंतरच्या या शस्त्रक्रियेसाठी साहाय्य देणे थांबवले; मोठ्या प्रमाणावर वजन घटलेल्यांसाठी ते राहिले. १ जुलै २०२२ पासून ते नव्या कलमाने परत आले. अटी पाहा: दुरावा गर्भारपणामुळे आलेला व चित्रणात किमान ३ सेंटिमीटर, वेदना, पाठदुखी वा लघवीचा त्रास नोंदलेला, फिजिओथेरपीसारखे उपाय करूनही गुण न आलेला, आणि गेल्या वर्षभरात गर्भारपण नाही. ही कलमे म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वादाचा सारांशच. रूप की उपयोग, हा प्रश्न शेवटी सेंटिमीटरमध्ये मोजला गेला.

२४/ मग उत्तर काय? तीन कामांचा भेद आठवा. त्वचा-चरबी काढण्याने स्नायूंची ताकद वाढत नाही. बेंबी हलवण्याने तर नाहीच. चुणीने नवा स्नायू तयार होत नाही. आहे त्या स्नायूची ओढ योग्य रेषेत येते. म्हणून जिच्या पोटात मोठा, त्रासदायक दुरावा आहे, तिचा जोर आणि पोटाचे कार्य दुरुस्तीनंतर सुधारू शकते, याला आज बऱ्यापैकी आधार आहे. जिला दुरावाच नाही, तिला ताकदीच्या आशेने हा छेद घेण्याचे कारण नाही. आणि व्यायामाची जागा शस्त्रक्रिया घेत नाही. ताणून बांधलेल्या खाटेवरही वापर हवाच.

२५/ जाहिरातींत न येणाऱ्या गोष्टीही इतिहासाचाच भाग. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत पोट आधीहून दुर्बळ असते. वाकून चालावे लागते, वजन उचलण्यास मनाई असते, पुन्हा व्यायाम सुरू करायला वेळ द्यावा लागतो. आडवा व्रण कायमचा राहतो, त्याभोवती बधिरता येऊ शकते, त्वचेखाली पाणी साठू शकते. पुढे गर्भ राहिल्यास शिवलेली रेषा पुन्हा ताणली जाऊ शकते. १९७७ च्या पाहणीतील गुठळ्यांचा धोका आज खबरदारीने कमी करता येतो, शून्य करता येत नाही. हा धागा इतिहासाचा आहे. निर्णय घ्यायचा असेल तर तज्ज्ञ डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोलूनच घ्यावा.

२६/ शेवटी एक निरीक्षण. १८९९ मध्ये पोट हा भार होता, १९६७ मध्ये आकृती, १९९६ नंतर आधार, २०२२ मध्ये विम्याचे कलम. प्रत्येक काळाने पोटाला त्या काळाचाच प्रश्न विचारला आणि त्याच प्रश्नापुरती मोजणी केली. स्त्रियांचे दुखणे मात्र या सर्व काळांत तेच होते. मोजपट्टी त्याच्यापर्यंत उशिरा पोचली. जे मोजले गेले नाही ते घडलेच नाही असे समजू नये, हा आपल्या विषयाचा पहिला धडा येथेही लागू पडतो. तुमच्या घरात बाळंतिणीचे पोट बांधण्याची रीत कशी होती, किती दिवस होती, त्या पट्टीला काय म्हणत? आजीला, आईला विचारा आणि खाली लिहा. ती माहिती फारशी कोठे नोंदलेली नाही. धागा समाप्त.